टेकू : एका इमारतीचे दोन अहवाल

आमच्या चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर, आईच्या खोलीच्या दारासमोर, गॅलरीत एक टेकू आहे. २०११ च्या मे महिन्यात पावसाळ्यापूर्वीची तातडीची उपाययोजना म्हणून तो लावला गेला. लावणारा मिस्त्री आईला म्हणाला होता, "मावशी, दोन महिन्यांचा प्रश्न आहे. मग पक्कं काम होईल." त्या दोन महिन्यांना आता चौदा वर्षं झाली. पहिल्या वर्षी आईने टेकूला नावं ठेवली, दुसऱ्या वर्षी त्याला खिळा मारून छत्री अडकवली आणि तिसऱ्या वर्षापासून दिवाळीचा कंदील त्याच्यावरच लागू लागला. शेजारच्या वहिनींची कपडे वाळत घालायची दोरी त्याला बांधलेली आहे. साऱ्या चाळीत असे एकोणीस टेकू आहेत. पाहुणे घाबरतात, आम्ही त्यांना वळसा घालून जातो.

हा लेख लिहायला बसले तेव्हा माझ्यासमोर दोन फायली होत्या. दोन्हींत आमच्याच इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट. पहिला अहवाल मालकाने नेमलेल्या अभियंत्याचा, नोव्हेंबर २०२३ चा. त्यात इमारत 'सी-१', म्हणजे अतिधोकादायक, तात्काळ रिकामी करून पाडून टाकण्याजोगी. दुसरा आम्ही भाडेकरूंनी वर्गणी काढून नेमलेल्या अभियंत्याचा, मार्च २०२४ चा. त्यात तीच इमारत 'सी-२ बी', म्हणजे रिकामी न करता दुरुस्त करता येण्याजोगी. दोघेही नोंदणीकृत, दोघांच्याही पानापानावर शिक्का. मधल्या चार महिन्यांत एकही वीट बदलली नव्हती.

मी बँकेत एकतीस वर्षं कर्जाच्या फायली तपासल्या. अभियांत्रिकीतलं मला काही कळत नाही, पण अहवाल कसा वाचावा हे कळतं. निष्कर्षाचं पान शेवटी वाचावं आणि जोडपत्रं आधी. तसंच केलं. त्यातून जे हाती लागलं ते आमच्या चाळीपुरतं नाही, म्हणून ते सविस्तर मांडते.

आधी ही इमारत कोणाची, हा प्रश्न. सातबारा नसलेल्या शहरात तो वाटतो तेवढा सोपा नाही. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुंबईतली भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. युद्धानंतरच्या टंचाईत भाडेकरूला लुटलं जाऊ नये, हा हेतू रास्तच होता. पण तात्पुरता म्हणून आलेला तो कायदा मुदतवाढ घेत घेत अर्धशतक टिकला, आणि २००० साली नवा कायदा लागू झाला तेव्हाही जुन्या भाडेकरूंच्या बाबतीत फारसा फरक पडला नाही. आईची भाडेपावती महिना चौऱ्यांशी रुपयांची आहे. एवढ्या पैशात मालक दुरुस्ती करणार नाही, हे मालकाला ठाऊक, भाडेकरूला ठाऊक आणि सरकारलाही ठाऊक. साठच्या दशकात पावसाळ्यागणिक इमारती पडू लागल्या, तेव्हा सरकारने बेडेकर समिती नेमली आणि तिच्या अभ्यासातून १९६९ चा मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा आला. मालक दुरुस्ती करत नाही तर ती शासन करील, आणि त्यासाठी इमारतींवर उपकर बसेल. 'सेसची बिल्डिंग' हा शब्द तिथून आपल्या बोलण्यात आला. बेट मुंबईतल्या १९,६४२ इमारती या यादीत गेल्या. १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या 'अ' वर्गात १६,५०२, १९५० अखेरपर्यंतच्या 'ब' वर्गात १,४८९ आणि १९६९ पर्यंतच्या 'क' वर्गात १,६५१. पडझड आणि पुनर्विकास होऊन आज त्यांतल्या तेरा-चौदा हजार उरल्या आहेत. आमची चाळ 'अ' वर्गातली, महापालिकेच्या नोंदीप्रमाणे १९१२ ची.

म्हणजे जमीन आणि भिंती मालकाच्या, दुरुस्तीची जबाबदारी म्हाडाच्या मंडळाची, धोकादायक ठरवून नोटीस बजावण्याचा अधिकार महापालिकेलाही, आणि राहणारे आम्ही. सार्वजनिक घरबांधणीच्या पुस्तकात या प्रकाराला नाव नसावं. सरकारी घर नाही, खाजगीही नाही. घर भाड्याचं, पण पागडी देऊन घेतलेलं. भाडं नाममात्र, पण उपकर नियमित. अशा घरात तपासणीसाठी माणूस आला की पहिला प्रश्न 'काय तपासणार?' हा नसतोच. पहिला प्रश्न 'तुम्हाला पाठवलं कोणी?'

तपासण्या दोन तऱ्हेच्या. दुरुस्ती मंडळ दरवर्षी पावसाळ्यापूर्वी सर्वेक्षण करतं आणि अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करतं. २०२४ मध्ये या यादीत २० इमारती होत्या, २०२५ मध्ये ९६. एका वर्षात शहर इतकं खचलं असेल असं मला वाटत नाही. बघण्याची नजर बदलली असावी. हे सर्वेक्षण मुख्यतः डोळ्यांनी होतं. भेगा, ओल, झुकलेला कठडा, वाकलेली तुळई, गच्चीवर उगवलेला पिंपळ. दुसरी तपासणी महापालिका अधिनियमाच्या कलम ३५३ ब खालची. तीस वर्षांहून जुन्या इमारतीचं ऑडिट नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करून घेणं बंधनकारक आहे. निष्कर्ष चार वर्गांत येतो. सी-१ म्हणजे पाडा. सी-२ ए म्हणजे पूर्ण किंवा अंशतः रिकामी करून मोठी दुरुस्ती. सी-२ बी म्हणजे राहत्या घरी संरचनेची दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजी. सी-१ झालं की कलम ३५४ ची नोटीस, मग पाणी आणि वीज तोडणं, मग पोलीस.

आता उपकरणांकडे येते, कारण खरी गंमत तिथे आहे. गंमत हा शब्द बरोबर नाही, पण पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी हसले होते.

ऑडिटमध्ये सर्रास होणाऱ्या चाचण्या अशा. रिबाउंड हॅमर : स्विस अभियंता अर्न्स्ट श्मिट याने काढलेलं, पिचकारीएवढं उपकरण. त्यातला स्प्रिंगवरचा दट्ट्या पृष्ठभागावर आपटतो, किती उसळतो त्यावरून काँक्रीट किती कठीण याचा अंदाज. अल्ट्रासॉनिक पल्स : ध्वनिलहर एका बाजूने सोडून दुसऱ्या बाजूला पोचायला लागणारा वेळ मोजायचा, भारतीय मानकाप्रमाणे वेग सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या वर असला तर काँक्रीट चांगलं, तीनच्या खाली गेला तर शंकास्पद. हाफ-सेल : सळीच्या विद्युत-विभवावरून गंज चढतो आहे का याची शक्यता, उणे ३५० मिलिव्होल्टच्या पलीकडे गेलं तर गंज चालू असण्याची शक्यता नव्वद टक्के धरतात. कार्बोनेशन : काँक्रीटचा ताजा तुकडा फोडून त्यावर फिनॉल्फ्थॅलीन शिंपडायचं. शाळेच्या प्रयोगशाळेतलं तेच द्रावण. गुलाबी झालं तर काँक्रीट अजून अल्कधर्मी आहे, सळीला संरक्षण आहे; रंग आला नाही तर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने ते संरक्षण खाल्लेलं आहे. सळी गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, आणि आतून फुगून काँक्रीट फोडतो. स्लॅबचा पापुद्रा ताटात पडतो तो यामुळे.

साऱ्या चाचण्या उत्तम, शास्त्रशुद्ध. आणि साऱ्या काँक्रीटच्या.

आमच्या चाळीत काँक्रीट नाही. १९१२ सालची चाळ लाकडाच्या सांगाड्याची. सागाचे खांब, सागाच्या तुळया, त्यांवर वासे, वाशांवर फळ्या, फळ्यांवर चुन्याचा कोबा, मधल्या भिंती विटांच्या. 'अ' वर्गातल्या किती तरी इमारती याच घडणीच्या. मग पहिल्या अहवालातले अडतीस हॅमर-आकडे कुठून आले? जोडपत्र तीनमध्ये तक्ता होता आणि तक्त्यात जागांची सांकेतिक नावं : टी-१, टी-२, टी-३. सोबतच्या नकाशाची छायाप्रत इतकी पुसट होती की भिंग घ्यावं लागलं. 'टी' म्हणजे टॉयलेट. इमारतीच्या मागे सत्तरच्या दशकात जोडलेला संडासांचा मनोरा आहे, पाच फूट रुंद, आरसीसीचा. शहाऐंशी खोल्यांच्या इमारतीत काँक्रीट तेवढंच. सगळे आकडे तिथले. तो मनोरा खरोखरच वाईट अवस्थेत आहे. पन्नास वर्षं पाण्यात भिजलेल्या काँक्रीटचं दुसरं काय होणार? आकडे खोटे नव्हते. ते संडासाचे होते आणि निकाल घराचा होता.

हा अहवाल आम्हाला कोणी दिलेला नव्हता. तो मालकाने वॉर्ड ऑफिसला सादर केला होता. आम्हाला आली फक्त नोटीस, 'अहवालास अनुसरून'. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचं तिकीट लावून अर्ज केला. तीस दिवसांची मुदत उलटून गेल्यावर, अपील केल्यावर, पानाला दोन रुपये या दराने सेहेचाळीस पानं मिळाली. ब्याण्णव रुपये. ज्या कागदावर शहाऐंशी कुटुंबांचं घर जायचं तो कागद.

इथे थोडं विषयांतर करते. भाच्याकडे इंग्लंडला गेले असताना त्यांच्या कौन्सिलच्या वसाहतीतल्या भाडेकरूंशी बोलण्याचा योग आला. तिथे भाड्याच्या घरातल्या गॅसच्या उपकरणांची दर वर्षी तपासणी करणं घरमालकावर १९९८ च्या नियमांनी बंधनकारक आहे; मालक खाजगी असो की कौन्सिल. आणि तपासणी झाल्यापासून अठ्ठावीस दिवसांत नोंदीची प्रत भाडेकरूच्या हाती द्यावी लागते. तिथेही लोक तक्रारी करतात. कंत्राटदार सांगितल्या वेळी येत नाही, रजा घेऊन बसलेला माणूस दिवसभर वाट पाहतो, दार उघडलं नाही म्हणून उलट भाडेकरूलाच पत्र येतं. आणि तेवढ्याने सुरक्षितता येते असंही नाही. १४ जून २०१७ च्या रात्री लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये ७२ माणसं गेली. सार्वजनिक मालकीची ती इमारत काही वर्षांपूर्वीच नूतनीकरण करून, नवं बाह्य आच्छादन चढवून 'सुधारलेली' होती, आणि आग त्या आच्छादनातूनच पसरली. रहिवाशांनी आधीपासून धोक्याची तक्रार केली होती. तिथलं सारं आदर्श आहे असं सुचवायचं नाही. मला फक्त ते अठ्ठावीस दिवस लक्षात राहिले. तपासणी ज्याच्या घराची, कागद त्याच्या हातात.

परत गिरगावात. आमचा अभियंता वयस्कर होता, जुन्या वाड्यांची कामं केलेला. त्याच्या पिशवीत हॅमर होता, पण तो त्याने संडासाच्या मनोऱ्यापुरताच बाहेर काढला. घरांमध्ये त्याने वापरलं गिरमिट. सुताराचं, हाताने फिरवायचं. तुळई भिंतीत जिथे शिरते तिथे तो भोक पाडायचा आणि बाहेर येणारा भुसा तळहातावर घेऊन बघायचा, वास घ्यायचा. सोनेरी-तपकिरी, तेलकट वासाचा असेल तर पुढे. काळा, दमट, बोटांत चुरणारा असेल तर खडूने फुली.

त्याचं म्हणणं साधं होतं. साग हा मधल्या लांबीत सहसा मरत नाही. त्यातल्या तेलामुळे वाळवी आणि बुरशी त्याला टाळतात. पण लाकूड सतत वीस टक्क्यांहून जास्त ओलं राहू लागलं की हळूहळू कुजतंच, आणि ओलं राहतं ते भिंतीत गाडलेलं टोक. त्यातही मोरीजवळचं. लाकूड मोडण्याआधी वाकतं, कुरकुरतं, सूचना देतं, असं म्हणतात ते मधल्या भागाबद्दल खरं आहे. कुजलेलं टोक सूचना देत नाही. वर्षानुवर्षं ते नुसतं सवयीने भिंतीत बसून असतं.

शिवाय आम्ही काय काय केलं होतं, तेही त्याने लिहून ठेवलं. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पण त्याच्या मते आमच्या चाळीला पावसाने जेवढं भिजवलं त्याहून जास्त आमच्या खाजगी मोऱ्यांनी. पूर्वी नळ सामाईक होता. नंतर प्रत्येकाने खोलीत मोरी बांधली, मोरीवर माळा, माळ्यावर पाण्याची टाकी. पाचशे लिटरची टाकी भरली की अर्धा टन. कोब्यावर शहाबादी, शहाबादीवर मोझेक, मोझेकवर चकचकीत टाइल्स. जुनं न काढता थरावर थर. आईच्या खोलीत तीन थर निघाले. तिसरा माझ्या पहिल्या पगारवाढीतून घातलेला.

एकूण ३१ टोकं तपासली, ९ कुजलेली. उपाय : त्या नऊ तुळयांना दोन्ही बाजूंनी लोखंडी चॅनेल लावून भार भिंतीत नव्या ठिकाणी टेकवणं, दोन तुळया बदलणं, संडासाचा मनोरा पाडून नवा बांधणं. म्हणून सी-२ बी. अहवाल आला त्या दिवशी चाळीत पेढे वाटले गेले. त्याच अहवालाच्या बाराव्या पानावर एक ओळ होती : 'पश्चिमेकडील जिना तात्काळ बंद करावा.' ती ओळ मी सभेत वाचून दाखवली. सगळ्यांनी मान हलवली. जिना दुसऱ्या दिवशीही चालू होता, कारण दूधवाला त्याच बाजूने येतो. माझ्या फायलीत या गोष्टीची नोंद आहे, आणि ती मालकाच्या विरोधात नाही.

एवढं झाल्यावर वाचक विचारील, की नऊ तुळया कुजल्या हे याआधी कोणाला कळलं नाही का? मंडळातर्फे या चाळीची मोठी दुरुस्ती झालीच होती, २००३ मध्ये. कळलं होतं. झाकलं गेलं.

दुरुस्तीचं अर्थकारण असं की मंडळाच्या खर्चाला दर चौरस मीटरमागे मर्यादा असते. मर्यादेपलीकडचा खर्च भाडेकरूंनी भरला तर काम पुढे, नाहीतर तेवढ्यातच भागवायचं. निविदा सर्वांत कमी दराची. त्या कंत्राटदाराने पोटकंत्राटदार नेमला, त्याने मिस्त्री. मर्यादेत बसणारं आणि डोळ्यांना दिसणारं काम म्हणजे गिलावा आणि रंग. चुन्याची भिंत ओल शोषते आणि सोडतेही. तिच्यावर सिमेंटचा जाड गिलावा चढवला की ओल आत कोंडते आणि जवळच्या लाकडात जाते. आमच्या तुळयांच्या टोकांना त्या वर्षी सिमेंटने लिंपून गुळगुळीत केलं गेलं. दिवाळीच्या आधी पिवळा रंगही लागला. चाळ नव्यासारखी दिसू लागली. तिसऱ्या मजल्यावरच्या ज्या चार तुळया बदलल्या त्यांच्या जागी आलेलं लाकूड साग नव्हतं, एवढं आज गिरमिटाने सिद्ध झालं आहे. काढलेला जुना साग 'मलबा' म्हणून कंत्राटदाराचा. जुन्या सागाला बाजारात काय भाव येतो हे कोणत्याही जुन्या लाकडाच्या वखारीत जाऊन विचारावं. काम संपल्यावर एक माणूस घरोघर छापील कागद घेऊन फिरला : 'काम समाधानकारक झाले.' आईने सही केली. कामाच्या दिवसांत तिने त्या पोरांना रोज चहा दिला होता. चहा दिलेल्या माणसाला सही कशी नाकारायची, असं ती म्हणते.

आता दुसरी बाजू, दार न उघडणाऱ्यांची. दोन्ही अभियंत्यांना शहाऐंशीपैकी वीस-बावीस दारं बंद मिळाली. काही खोल्या कुलूपबंदच आहेत, काहींत पोटभाडेकरू आहेत आणि त्यांना चेहरा दाखवायचा नाही, काहींना भिंत पाडून दोन खोल्या एक केल्याचं लपवायचं आहे. पण सर्वांत मोठा गट साध्या भीतीचा. ओल दाखवली की सी-१, सी-१ की बाहेर, आणि बाहेर गेलेला परत येत नाही. ही भीती अशिक्षितपणाची आहे असं म्हणणाऱ्यांनी संक्रमण शिबिरात चक्कर मारावी. दोन-चार वर्षांसाठी गेलेल्या कुटुंबांची तिथे दुसरी, तिसरी पिढी वाढते आहे. ज्यांची मूळ इमारत पुन्हा उभीच राहिली नाही अशांसाठी मंडळाकडे 'मास्टर लिस्ट' असते, आणि तिच्यात नाव असणं हाही चाळीचाळींत कौतुकाचा विषय असतो.

आणि न जाणाऱ्यांचं काय होतं, तेही या शहराने पाहिलं आहे. ३१ ऑगस्ट २०१७ ला भेंडीबाजारात हुसैनी इमारत पडली, ३३ माणसं गेली. ती पुनर्विकासाच्या योजनेत होती. काही कुटुंबं आधीच हलली होती, काही मागे राहिली होती. २७ सप्टेंबर २०१३ ला डॉकयार्ड रोडजवळ बाबू गेनू मंडईची इमारत पडली, ६१ गेले. ते महापालिकेच्या कर्मचाऱ्यांचं निवासस्थान होतं. मालक महापालिका, तपासणारी महापालिका, राहणारे महापालिकेचे. वयही शंभर वर्षं नाही, तीन दशकांच्या आसपास. दुरुस्ती सुचवली गेली होती, आणि तळमजल्याच्या जागेत केलेले बदल नंतर चौकशीच्या केंद्रस्थानी आले. नुसतं वय मोजून धोका कळत नाही, हे त्या ढिगाऱ्याने सांगितलं. त्यामुळे 'मालकाचं कारस्थान आहे, काही होत नाही' असं कोणी ठामपणे म्हणालं की माझ्या पोटात खड्डा पडतो. कारस्थान असू शकतं आणि इमारतही पडू शकते. दोन्ही एकाच वेळी.

परस्परविरोधी अहवाल हा नेहमीचाच अनुभव आहे. काळा घोड्याच्या एस्प्लनेड मॅन्शनचंच बघा. १८६० च्या दशकातलं, विलायतेहून आणलेल्या ओतीव लोखंडाच्या सांगाड्याचं ते जुनं वॉटसन्स हॉटेल. २०१९ मध्ये रिकामं झालं, तेव्हा एका तांत्रिक अहवालाचं मत पाडावं असं होतं आणि न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञांचं मत वाचवता येईल असं. तज्ज्ञ खोटं बोलत असतात असं नाही. कशाला प्रश्न विचारला, यावर उत्तर ठरतं.

नव्या कायद्याने या कागदांचं वजन आणखी वाढवलं. म्हाडा अधिनियमातली २०२० ची दुरुस्ती २०२२ च्या अखेरीस राष्ट्रपतींच्या संमतीने अमलात आली. तिच्यातल्या कलम ७९-अ प्रमाणे इमारत धोकादायक ठरली की मालकाला पुनर्विकासाचा प्रस्ताव देण्यासाठी सहा महिने. त्याने दिला नाही तर भाडेकरूंच्या नियोजित संस्थेला सहा महिने. त्यांनाही जमलं नाही तर मंडळ भूसंपादन करून स्वतः बांधणार. रखडलेल्या इमारतींसाठी कलम चांगलं आहे. पण घड्याळ सुरू होतं ते 'धोकादायक' या शब्दाने. म्हणून तो शब्द कोणत्या आधारावर लिहिला, याला महत्त्व. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मंडळाच्या अशा ९३५ नोटिसांची चौकशी करण्यासाठी निवृत्त न्यायाधीशांची समिती नेमण्याचा आदेश दिला. स्ट्रक्चरल ऑडिट नसताना अभियंत्याच्या नुसत्या पाहणीवर नोटीस काढता येते का, हाच वादाचा मुद्दा होता.

भाडेकरूच्या बाजूनेही दोन आधार आहेत, आणि ते प्रत्येकाला पाठ असावेत. एक, 'शहा रतनशी खिमजी' खटल्यात २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निर्णय : इमारत पाडली गेली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, तो जमिनीशी टिकून राहतो. दोन, त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने घालून दिलेली कार्यपद्धती : पाडण्यापूर्वी प्रत्येक भाडेकरूच्या ताब्यातल्या क्षेत्रफळाचं मोजमाप करून नोंद ठेवायची, आणि अहवाल परस्परविरोधी असतील तर प्रकरण तांत्रिक सल्लागार समितीकडे पाठवायचं.

आमचंही गेलं. समितीचे लोक जानेवारीच्या एका सकाळी आले. संडासाचा मनोरा पाहिला, खडूच्या फुल्या पाहिल्या आणि आईच्या खोलीत येऊन वर बघत उभे राहिले. आमच्याकडे प्लास्टर ऑफ पॅरिसची खोटी कमान-पट्टी असलेलं छत आहे, माझ्या धाकट्या भावाच्या लग्नाच्या वेळचं. पहिल्या अभियंत्याने ते उघडायला सांगितलं होतं तेव्हा मी नकार दिला होता. दुसऱ्याला, आपल्याच माणसाला, म्हटलं होतं की शेजारच्या खोलीत बघा, तुळई तीच आहे. समितीतल्या बाई म्हणाल्या, "मॅडम, हे उघडल्याशिवाय मी सही करणार नाही." सुतार बोलावला. मोरीवरचा दोन फुटांचा तुकडा काढला. तुळई भिंतीपर्यंत पोचतच नव्हती. शेवटचं वीतभर लाकूड म्हणजे काळी माती होती, आणि त्यामागे २००३ चं सिमेंट, आतून तुळईच्या आकाराचं पोकळ. सारा भार गॅलरीतल्या टेकूने आणि छताच्या फळ्यांनी आपापसांत वाटून घेतलेला. आई पलंगावर बसून बघत होती. तिचा पलंग त्याच्या बरोबर खाली असतो.

निकाल आला : सी-२ ए. इमारत पाडायची नाही. पश्चिमेचा जिना आणि त्याला लागून असलेल्या सहा खोल्या रिकाम्या करून मोठी दुरुस्ती, बाकी राहत्या घरी. सहांत आईची खोली. पंचनाम्याच्या वेळी मोजणाऱ्याने १६१ चौरस फूट लिहिले. आईने त्याला मोरीच्या कोपऱ्यातून परत फीत धरायला लावली. १६८ झाले. १६८ वर त्याची सही घेतल्यावरच तिने कुलूप लावलं.

या खेपेला कंत्राटाच्या अटींत आम्ही काही ओळी घालून घेतल्या आहेत. झाकण्यापूर्वी प्रत्येक टोकाचा फोटो, खोली क्रमांकासह. चुन्याच्या भिंतीवर चुन्याचाच गिलावा. निघालेल्या जुन्या लाकडाची मोजदाद, आणि ते चांगलं असेल तर याच इमारतीत वापरायचं. समाधानकारक कामाची सही एक पावसाळा गेल्यावर. एका कंत्राटदाराने अटी वाचून विचारलं, "एवढं कोण तपासणार?" तळमजल्यावरच्या निवृत्त काकांनी हात वर केला.

निविदा सप्टेंबरमध्ये उघडल्या. एकच आली होती, म्हणून पुन्हा मागवल्या आहेत. आई सध्या माझ्याकडे डोंबिवलीला आहे. ऑक्टोबरची भाड्याची मनीऑर्डर तिने स्वतः पोस्टात जाऊन केली, आणि पावती पर्समध्ये, पंचनाम्याच्या प्रतीच्या घडीत ठेवली आहे. परवा वहिनींचा फोन आला होता, तुमच्या टेकूवर यंदा आमचा कंदील लावू का म्हणून. आईने हो म्हटलं, पण नवा खिळा मारू नका, जुन्यालाच बांधा, असं बजावलं.